कारभाऱ्यांनो, मास्तरांना समोर बसून सांगा

मा. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि तालमीचे सर्व कारभारी यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी रात्री तालमीत, आपल्या पेठेच्या या मंडळात, बैठक आहे. विषय एकच: फुटबॉल संघाचा कोच बदलायचा का. निरोप जुन्या खेळाडूंना गेला, वर्गणीदारांना गेला, पेठेतल्या चार वडीलधाऱ्यांनाही गेला. ज्यांच्याबद्दल ठरवायचं त्या कोचला, एकट्या मास्तरांना, गेला नाही. मी मुद्दाम फोन करून विचारलं, तर ‘त्यांच्यासमोर कसं बोलायचं?’ असं उत्तर मिळालं. ते उत्तर ऐकल्यापासून मला झोप नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मास्तर बदलायला हवेत. हा हंगाम संपला की पहिल्या संघाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. मी त्यांच्याच हाताखाली ११ वर्षं डावीकडून हाफ खेळलो. पायात पहिला धड बूट त्यांनीच घातला. ज्यांनी घडवलं त्यांच्याविरुद्ध मत द्यायचं म्हणजे काय होतं, हे मलाच माहीत. पण मत आहे ते आहे. माझं भांडण आहे ते तुम्ही निवडलेल्या वाटेशी. त्या वाटेनं गेलात तर कोच जाईल, पण संघ आहे तिथंच राहील.

गेल्या आठवड्यात शाहू स्टेडियमवर जे झालं ते बऱ्याच जणांनी पाहिलं. चारची मॅच होती. पूर्वार्धात आपण एक गोलनं पुढं. शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरी, मग टायब्रेकर, आणि टायब्रेकरमध्ये आपण गेलो. हरणं नवीन नाही. ईर्षेच्या मॅचमध्ये कुणीतरी हरणारच. पण गॅलरीतून जे शब्द आले ते समोरच्या पेठेतल्या पोरांचे नव्हते, आपल्या पोरांचे होते. मास्तर तेव्हा बाकाखाली वाकून पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते. सगळ्या झाल्या, एक कमी भरली. ती शोधायला ते परत मैदानाच्या कडेनं चालत गेले. वरून आवाज येतच होते. त्यांनी मान वर केली नाही. बाटली सापडली, पिशवीत टाकली आणि ते बाहेर पडले. त्या रात्री आपल्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकून खाली काय काय लिहिलं गेलं, ते मी इथं लिहीत नाही. कारभाऱ्यांपैकी किमान चौघं त्या ग्रुपवर आहेत. एकानंही त्या पोरांना थांबवलं नाही.

नवीन पोरांना माहीत नसेल, म्हणून थोडं सांगतो. मास्तरांना मास्तर म्हणतात ते शाळेतले म्हणून नव्हे, टेलर मास्तर म्हणून. २००१ साली संघाची वाताहत झाली होती. खेळाडू फुटून दुसऱ्या तालमींत गेले होते, नोंदणीच्या दिवशी अकरा नावं भरताना दमछाक झाली होती. तेव्हा हा माणूस दुकानातून उठून आला. स्वतः चांगला स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलेला होता, पण कोच म्हणून कुठलं शिक्षण नव्हतं. पहिल्या वर्षीच्या जर्सी त्यांनी स्वतः शिवल्या. पाठीवरचे आकडे पांढऱ्या कापडातून कापून मशीनवर जोडले. माझा ११ नंबर धुऊन धुऊन जर्सी विटली तरी निघाला नाही.

पहाटे पावणेसहाला गांधी मैदानावर त्यांची सायकल लागलेली असायची. आम्ही डोळे चोळत पोहोचायचो तोवर फक्कीच्या रेषा मारून झालेल्या असायच्या. बॉलमध्ये हवा भरताना ते पंपाची सुई आधी जिभेला लावून ओली करायचे, मग अलगद आत घालायचे. कोरडी सुई घातली की आतला व्हॉल्व्ह फाटू शकतो, आणि बॉल सातच होते. ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी शब्दांत शिकवली नाही. आम्ही बघून शिकलो. आजही माझ्या पोराच्या बॉलमध्ये हवा भरताना माझा हात आपोआप तोंडाकडं जातो.

पावसाळ्यात त्या मैदानाचं तळं व्हायचं, अजूनही होतं. मग आमची प्रॅक्टिस रंकाळ्याच्या काठानं पळण्यावर निघायची. २०१९ च्या महापुरात गावाचं काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं. तेव्हा मास्तरांनी संघाचं सगळं कीट आपल्या दुकानाच्या माळ्यावर आधीच चढवून ठेवलं होतं. त्यांच्या घरचा शिधा भिजला, कीट कोरडं राहिलं.

एवढं असूनही बदल का हवा, हे आता सांगतो. भावनेवर ढकलून मला चालणार नाही.

खेळ बदलला, आपण बदललो नाही. एकच गोष्ट घ्या. २०१९ मध्ये गोल किकचा, म्हणजे आपल्या गोलसमोरून बॉल पुन्हा खेळात आणायच्या किकचा, नियम बदलला. पूर्वी बॉल पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या, बाहेर पडल्याशिवाय तो खेळात धरत नव्हते. आता किक बसून बॉल हलला की खेळ सुरू. म्हणजे गोलकीपर आपल्याच बॅकला एरियाच्या आत बॉल देऊ शकतो आणि तिथून खेळ बांधता येतो. जगभरच्या संघांनी त्या एका नियमावर आपली पहिली चाल नव्यानं रचली. आपला गोलकीपर आजही बॉल ठेवतो, सहा पावलं मागं जातो आणि डोळे मिटून लांब हाणतो. ज्या काळात आपल्याकडं उंचापुरा सेंटर फॉरवर्ड होता, तेव्हा ते बरोबर होतं. त्याच्या डोक्यावर बॉल पडायचा आणि आम्ही दोन्ही बाजूंनी आत घुसायचो. आता समोर परदेशी स्टॉपर उभा असतो. तो उडीही न मारता आपला बॉल परत पाठवतो. मागच्या मॅचला मी मोजायला बसलो होतो. दुसऱ्या हाफमध्ये एकही गोल किक आपल्या माणसाकडं राहिली नाही. आपली पोरं बॉलच्या मागं पळत राहिली, उन्हानं आणि पळण्यानं दमली, आणि गोल शेवटी बसला. त्याला नशीब म्हणता येणार नाही.

दुसरं, बाकावरची पोरं. पाच बदल्यांची मुभा २०२० मध्ये कोरोनाच्या काळात आली आणि २०२२ मध्ये नियमांत कायमची बसली. त्यानंतर मोठ्या फुटबॉलमध्ये बदली खेळाडू हा अडचणीतला उपाय राहिला नाही, आधीपासूनचा बेत झाला. मास्तर मात्र बदलीकडं अजून जुन्याच नजरेनं बघतात. कुणी लंगडला तरच बदलायचा. ज्या पोरावर त्यांचा जीव, त्याला ते शेवटपर्यंत ठेवतात. तो निष्ठेनं पळतो, पण पाय उचलत नाहीत. बाजूला दोन ताजी पोरं बिब घालून बसलेली असतात, आणि हंगामाच्या शेवटी ती दुसऱ्या तालमीचा फॉर्म भरतात.

तिसरी गोष्ट बोलायला जड आहे. त्यांना ‘मास्तर, हे चुकतंय’ म्हणणारं कुणी उरलं नाही. आमच्या वेळी होतं. आम्ही भांडायचो, ते चिडायचे, दुसऱ्या दिवशी ऐकायचे. आताची पोरं त्यांच्या नातवाच्या वयाची. ती मान हलवतात आणि मैदानाबाहेर जाऊन मोबाइलवर बडबडतात. कोच आणि संघ यांच्यात असं अंतर पडलं की हुशारी कितीही असो, ती पोहोचत नाही.

आता तुमच्याकडं येतो.

आपल्या कट्ट्यावर अर्धी पोरं मँचेस्टर युनायटेडची, उरलेली आर्सेनल आणि लिव्हरपूलची. बैठकीत उदाहरणं तिकडचीच येणार, हे मला माहीत आहे. एक बाजू म्हणणार, मँचेस्टर युनायटेडचा कोच फर्ग्युसन २६ वर्षं राहिला, मग मास्तरांना २४ वर्षांत का हाकलता? दुसरी म्हणणार, व्हेंगरला कोचपदावरून वेळेत बाजूला केलं नाही म्हणून आर्सेनल मागं पडलं. दोन्ही गोष्टी अर्ध्याच सांगितल्या जातात.

फर्ग्युसन १९८६ च्या नोव्हेंबरात आला. पहिला चषक हाती लागायला १९९० चा मे उजाडला. मधल्या काळात त्याच्याच मैदानावर त्याला निरोप देणारा फलक झळकला होता. तरी मंडळानं धीर धरला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. न सांगितली जाणारी बाजू अशी की तो पुढं इतकी वर्षं टिकला, कारण तो एकटा कधीच नव्हता. आर्ची नॉक्स, ब्रायन किड, स्टीव्ह मॅक्लारेन, कार्लोस कैरोश, माइक फेलन, रेने म्युलेन्स्टीन. दर काही वर्षांनी त्याचा उजवा हात बदलत गेला आणि प्रत्येक नव्या हाताबरोबर नवं फुटबॉल संघात आलं. रोजची प्रॅक्टिस तो त्यांच्यावर सोपवायचा आणि स्वतः कडेला उभा राहून बघायचा. लांबून बघणाऱ्याला दिसतं ते मध्ये उभ्या असलेल्याला दिसत नाही.

आपल्या मास्तरांना २४ वर्षांत तुम्ही एक तरी सहायक दिलात का? मी तालमीच्या वह्या पाहिल्या आहेत. वाढदिवसाच्या फलकांचा खर्च आहे, मिरवणुकीचा आहे, हंगामाच्या तोंडावर बाहेरून आणलेल्या खेळाडूंचा तर मोठाच आहे. सहायक कोच या नावाची ओळ कुठल्याच वर्षी नाही. फक्की त्यांनी मारायची, हवा त्यांनी भरायची, पोराच्या गुडघ्यावर क्रेप बँडेज त्यांनी बांधायचं, रात्रपाळी करून येणाऱ्या पोराच्या मालकाला फोनही त्यांनीच करायचा. शिरोलीच्या फाउंड्रीत बारा तास उभा राहिलेला पोरगा दुपारी मैदानात उतरवायचा की नाही, हाही निर्णय त्यांचाच. मग त्या माणसानं २०१९ चा गोल किकचा नियम वाचायला कधी बसायचं होतं?

खेळाडूंचंही तेच. गेल्या तीन हंगामांत आपली तयार झालेली पोरं जास्त पैशासाठी दुसरीकडं गेली. तो व्यवहार मास्तरांच्या हातात नव्हता. परदेशी फॉरवर्ड मॅचच्या दोन दिवस आधी गावात उतरतो, त्याला नावं माहीत नसतात, भाषा येत नसते, आणि त्याला संघात बसवायचं काम मास्तरांचं. कोण आणायचा ते ठरवताना मात्र त्यांना कुणी विचारत नाही. म्हणून म्हणतो, रविवारी ‘कोच हटवा’ हा एकच ठराव करून उठलात, तर पुढच्या वर्षी नव्या माणसाच्या डोक्यावर हेच ओझं येईल आणि तोही याच बाकाखाली बाटल्या मोजत बसेल.

फर्ग्युसननंतर काय झालं ते बघा. डेव्हिड मोयेसला सहा वर्षांचा करार मिळाला. त्यानं आल्याबरोबर जुने सहायक बाजूला केले आणि आपली माणसं आणली. दहा महिन्यांत, २०१४ च्या एप्रिलात, त्यालाच घरी पाठवलं. २६ वर्षांत साठलेलं शहाणपण त्या सहायकांच्या डोक्यात होतं, ते त्यांच्याबरोबर दारातून बाहेर गेलं. आपल्याकडं तर ते एकाच डोक्यात आहे.

व्हेंगरची गोष्ट मला जास्त लागते. १९९६ ते २०१८. मधल्या २००३-०४ च्या हंगामात अख्खी लीग न हरता जिंकली. त्यानंतर २००५ पासून २०१४ पर्यंत एकही चषक नाही, कारण त्याच काळात नवं स्टेडियम उभं राहिलं आणि पैशाची ओढाताण झाली. तो निभावून नेत राहिला. शेवटच्या वर्षांत मात्र आर्सेनलची माणसंच त्याच्याविरुद्ध फलक धरून उभी होती, खुर्च्या रिकाम्या राहत होत्या. त्याला जायला उशीर झाला, असं मलाही वाटतं. पण पुढची गोष्ट ऐका. त्याच्या जागी आलेला उनाई एमेरी दीड वर्षात गेला. मग २०१९ च्या डिसेंबरात मिकेल आर्टेटा आला, जो व्हेंगरच्याच हाताखाली खेळलेला आणि संघाचा कॅप्टन झालेला होता. त्याच्याही काळात संघ सलग दोन हंगाम आठवा आला. आपल्याकडं दोन मॅच हरल्यावर जे होतं ते तिकडं दोन वर्षं झालं नाही. त्याला राहू दिलं. पुढं तोच संघ सलग तीन हंगाम लीगमध्ये दुसरा आला.

माझा मुद्दा इथंच आहे. बाहेरून एका हंगामापुरता पगारी कोच आणायचा, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आहे. गोव्याचा की पुण्याचा, एवढीच चर्चा उरलीय असं ऐकतो. बाहेरचा माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण त्याला आपली पेठ कळायला अर्धा हंगाम जाईल आणि उरलेल्या अर्ध्यात तुम्ही त्याचा हिशेब मागाल. आपल्याच तालमीचा एक जुना स्टॉपर आहे. मास्तरांचाच पठ्ठा. त्यानं पदरचे पैसे घालून फुटबॉल फेडरेशनचं कोचिंगचं डी लायसन्स केलं, रजा काढून परीक्षा दिली. आज तो उपनगरात एका मैदानावर लहान पोरं शिकवतोय. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. तुम्हाला कळलंय मी कुणाबद्दल बोलतोय. त्याला बोलवा. तीन हंगाम लेखी द्या. खेळाडू निवडताना त्याचा शब्द शेवटचा, असं वहीत लिहून सह्या करा. एक सहायक द्या, आणि पोरांचे पाय बघायला आठवड्यातून दोनदा तरी एक फिजिओ. एक परदेशी खेळाडू कमी आणा, हा खर्च त्यातून निघेल.

लिव्हरपूलनं हेच केलं होतं. बिल शँक्ली १९५९ च्या डिसेंबरात कोच म्हणून आला, संघ दुसऱ्या श्रेणीत होता, त्यानं तो वर काढला. त्याच्या मैदानावर बूट ठेवायची एक छोटीशी खोली होती. सहायक कोच तिथं बसायचे, चहा प्यायचे, मॅचची उकल करायचे. १९७४ च्या उन्हाळ्यात शँक्ली अचानक बाजूला झाला, तेव्हा मंडळानं बाहेर न बघता त्याच खोलीतला बॉब पेस्ली उचलला. पेस्ली त्या क्लबात १९३९ पासून होता. आधी खेळाडू, मग दुखापती बघणारा, मग सहायक. त्यानं नऊ हंगामांत सहा वेळा लीग आणि तीन वेळा युरोपियन कप आणला. त्याच्यानंतरचा जो फेगनही त्याच खोलीतून आला. आपल्या तालमीतही जिन्याखाली बुटांची खोली आहे. तिच्यात आता मंडपाचे बांबू ठेवलेत. ते बांबू बाहेर काढले तरी बरीच सुरुवात होईल, हे मी अगदी शब्दशः म्हणतोय.

पण शँक्लीच्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही. पद सोडल्यावरही तो सकाळी उठून प्रॅक्टिसच्या मैदानावर जायचा. दुसरं काय करायचं त्याला माहीत नव्हतं. खेळाडू सवयीनं त्यालाच ‘बॉस’ म्हणायचे. पेस्ली अवघडायचा. हळूहळू क्लबला त्याचं येणं नकोसं झालं. त्याला ते कळलं, आणि ज्या क्लबाला त्यानं उभं केलं त्यापासून तो दुखावून लांब गेला. १९८१ मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी मैदानाच्या फाटकाला त्याचं नाव दिलं.

आपले मास्तर तसेच आहेत. तुम्ही रविवारी ठराव केलात तरी सोमवारी पावणेसहाला त्यांची सायकल मैदानावर असेल. तेव्हा त्यांनी कुठं उभं राहायचं? याचं उत्तर तुमच्याजवळ नसेल, तर ठराव करू नका. नुसतं ‘मार्गदर्शक’ म्हणून छापील पत्रिकेत नाव घालणं हे उत्तर नव्हे.

माझ्याजवळ एक उत्तर आहे. मास्तरांना दहा ते चौदा वर्षांची पोरं द्या. दया म्हणून मागत नाही. त्यांच्याइतका लहान पोरांचा कोच मी या गावात पाहिला नाही. बॉल पायाच्या आतल्या बाजूनं घ्यायचा, मान वर ठेवायची, दुसऱ्या पायालाही शिकवायचं, हे त्यांनी घोटून घेतलं म्हणून आम्ही उभे राहिलो. गोल किकचा नियम बदलला, पण पहिला स्पर्श बदललेला नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून उतरला, तेव्हा आपण अख्ख्या गावानं छाती फुगवली. पण तो घडायला लहानपणीच गाव सोडून पुण्याला गेला होता. आपल्या पेठेतल्या दहा वर्षांच्या पोराला आज शिकायला जागा कुठं आहे? थेट मोठ्या संघाच्या प्रॅक्टिसला कडेला उभं राहायचं आणि बाहेर गेलेले बॉल आणून द्यायचे. मास्तरांच्या हाती तीस पोरं, वीस बॉल आणि मैदानाचा एक ठरलेला कोपरा दिलात, तर पाच वर्षांनी आपल्याला कुणाचे खेळाडू पैसे देऊन फोडावे लागणार नाहीत.

कुस्तीच्या तालमीत म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. आपल्या वस्तादानं काही राखलं नाही. जे होतं ते सगळं दिलं. आता नवीन डाव दुसऱ्यानं शिकवावेत, एवढंच माझं म्हणणं.

सय्यद अब्दुल रहीम यांचं नाव घेतल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. हैदराबादचे, पेशानं शिक्षक. १९५० पासून भारताच्या संघाचे कोच. १९५१ चं आशियाई सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, आणि १९६२ ला जकार्तात पुन्हा सुवर्ण. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ नं हरवलं. डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग मूळचा बॅक, त्याला रहीमसाहेबांनी फॉरवर्डला उतरवलं आणि त्यानं गोल केला. एवढं धाडस १२ वर्षं कोच राहिलेल्या माणसाकडं शिल्लक होतं, म्हणून लांब टिकणं हाच दोष आहे असं मी मानत नाही. त्या वेळी त्यांना कॅन्सर होता. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले. पुढच्या वर्षी आशिया चषकात आपण उपविजेते झालो, १९७० ला आशियाई स्पर्धेत कांस्य मिळालं, आणि मग उतरणच. सुवर्ण पुन्हा कधी आलं नाही. त्यामागं कारणं पुष्कळ असतील. पण त्यांच्यामागं त्यांचं काम पुढं नेईल अशी व्यवस्था कुणी उभी केली नव्हती, असं मला वाटतं. आपल्या मास्तरांना देवानं उदंड आयुष्य द्यावं. त्यांच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या हाती सोपवायला ते आज समोर आहेत. ही संधी रहीमसाहेबांच्या संघाला मिळाली नव्हती.

शेवटची गोष्ट माझी स्वतःची आहे.

२००८. अंतिम सामना होता. सेमीफायनलला माझा घोटा मुरगळला होता. मी दोन दिवस बर्फ लावला, हळद लावली, घरात नीट चालून दाखवलं. सगळ्यांना सांगितलं, बरा आहे. मॅचच्या आदल्या रात्री दहाच्या सुमाराला मास्तर घरी आले. आईनं आत या म्हटलं, ते आले नाहीत. दारातल्या पायरीवर बसले, मला शेजारी बसवलं. माझा पाय हातात घेतला, घोट्यावर अंगठा दाबला, माझ्या तोंडाकडं बघितलं. मी दात आवळले होते. ते म्हणाले, “उद्या तू खेळणार न्हाईस. हे तुला मैदानावर यादी वाचताना कळू ने, म्हणून आलोय.” मी रडलो. नको ते बोललो त्यांना. ते ऐकून घेत बसले. माझं बोलून संपल्यावर उठले, आईला म्हणाले, “जेवायला घाला त्याला,” आणि सायकल घेऊन गेले.

मी वर्षभर त्यांच्याशी नीट बोललो नाही. पण संघ सोडून गेलो नाही. कारण यादीतून नाव गळाल्याचं मला चारचौघांत कळलं नव्हतं, त्यांनी दारात येऊन सांगितलं होतं. २४ वर्षांत त्यांनी जितक्या पोरांना वगळलं, तितक्यांच्या दारात ते असेच गेले. तुमच्यातले तिघं त्या पोरांपैकीच आहेत. तुम्हाला ती रात्र आठवत असणार.

मग त्यांनाच निरोप न देता बैठक कशी काय घेता?

अध्यक्षसाहेब, रविवारच्या आत तुम्ही आणि सेक्रेटरींनी त्यांच्याकडं जावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. दोघंच जा, घोळका नको. हंगाम संपेपर्यंत संघ त्यांचाच आहे हे सांगा, मधेच काढणार नाही हा शब्द द्या. पुढचं स्पष्ट सांगा, आडपडदा ठेवू नका. ते चिडतील. ऐकून घ्या. नवा कोच कोण असावा हे त्यांना विचारा. माझा अंदाज आहे, ते त्याच पठ्ठ्याचं नाव घेतील. लहान पोरांचं काम त्यांनी लगेच हो म्हणून घ्यावं अशी अपेक्षा धरू नका, त्यांना वेळ लागेल. आणि ग्रुपवर ज्या पोरांनी तो फोटो टाकला त्यांना तुम्ही स्वतः समज द्या. ते काम मास्तरांवर ढकलू नका, आजवर तेही त्यांच्याकडूनच करून घेतलंय.

दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. आठनंतर गिऱ्हाईक नसतं. मशीनशेजारी एक स्टूल आहे, दुसरं आतून मागून घ्यावं लागेल.

आपला,
तालमीचा एक जुना खेळाडू, ११ नंबर
कोल्हापूर